पद्मिनी मोटारीची कुळकथा

संकरित वाणाचे बी दरसाल विकत आणावे लागते, हे तुम्हांला सांगायला नको. बी आपल्या हाती येते, पण ते ज्या नर-मादी वाणांपासून निघते ते दुसऱ्याच्या ताब्यात असतात. परक्या कंपनीच्या परवान्यावर मोटारी बांधणे हेही पुष्कळसे असेच असते. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे उदाहरण घ्या.

हा कारखाना १९४४ साली काढला वालचंद हिराचंद यांनी. माणूस सोलापूरचा. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवून साखर कारखाना चालवणारे ते हेच. कुर्ल्याला १९४७ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या तयार होऊ लागल्या. तयार म्हणजे काय, तर सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडायचे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला.

१९५३ साली सरकारने धोरण बदलले. जे इथे भाग बनवणार नाहीत त्यांनी नुसती जोडणी करू नये, असे ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या, प्रीमियर राहिली. फियाट अकराशेचे भाग हळूहळू इथेच होऊ लागले. ही कमाई लहान नव्हे.

पण मूळ आराखडा परकाच. १९६४ साली इथे आलेले ‘अकराशे डी’ हे मॉडेल इटलीत १९६६ मध्ये थांबले. आपल्याकडे तीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. नाव बदलले, वाण तोच.

सगळा दोष कारखान्याच्या माथी मारू नये. किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे, परकीय चलनाची चणचण होती, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबे. माल असा खपत असताना नवे वाण कोण काढील? १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा उत्तर द्यायला वेळ उरला नव्हता. १९८५ ची ‘११८ एनई’ पाहा: सांगाडा जुन्या फियाट १२४ चा, इंजिन जपानच्या निसानचे. पुन्हा उसनेच!

याच मुंबईत महिंद्रांनी १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला. त्यांचा बी-२७५ तुमच्यापैकी कितीजणांच्या वडिलांनी चालवला असेल! त्यांनी पुढे स्वतःची मॉडेले काढली. आज संख्येने त्यांच्याइतके ट्रॅक्टर जगात कोणी बनवत नाही.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. तरी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती टिकली, कारण कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ती खोलून पुन्हा बसवू शके. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. शेवटच्या पद्मिनीची ती ऑक्टोबर २०२३ अखेर संपली.