घरी बांधलेल्या विमानाचं चाक जड फिरतंय? आधी दाब की अडकण, ते ओळखा

इंदूर : घरी बांधलेलं विमान म्हटलं की मराठी माणसाला कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि 2019 मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली. पुढे हे विमान धुळ्याच्या धावपट्टीवर आलं. धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर हा एकाच आग्रा रोडवरचा पट्टा. धुळे, शिरपूर आणि इंदूर या तिन्ही ठिकाणी वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात. त्यामुळे छोट्या विमानाची दुखणी या भागाला परकी नाहीत.

त्यातलं एक नेहमीचं दुखणं म्हणजे पाय काढला तरी ब्रेक धरून राहणं. हे यादव यांच्या विमानाबद्दल नाही. कोणत्याही हलक्या विमानात, आणि घरी जोडणी केलेल्या विमानात जरा जास्तच, हे होऊ शकतं.

उन्हाळ्यात धोका का वाढतो?

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की हवा आणखी पातळ होते. हिशेब केला तर ती प्रमाण हवामानातल्या साधारण 1,600 मीटर उंचीच्या हवेइतकी भरते, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या शिखराइतकी. इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, म्हणून धाव लांबते. त्यात ब्रेक घासत असेल तर धाव आणखी वाढते. इंदूरची धावपट्टी मोठ्या प्रवासी विमानांसाठी केलेली, तिथे हे निभावेल. आखूड पट्टीवर मात्र समोरची झाडं जवळ येतात.

दुसरा धोका आगीचा. विमानाच्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा लाल रंगाचं खनिज तेल असतं. तापलेल्या डिस्कवर ते गळलं तर पेट घेऊ शकतं.

ब्रेक सुटतो कसा?

पायाच्या पंज्याने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो. चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पाय काढल्यावर पॅड मागे ओढणारी स्प्रिंग बहुतेक हलक्या विमानांच्या कॅलिपरमध्ये नसते. तेलाचा दाब उतरतो, कॅलिपर आपल्या पिनांवर जरासा सरकतो आणि डिस्क मोकळी होते. म्हणजे गोष्टी दोनच लागतात : तेलाला परतायला वाट आणि कॅलिपरला सरकायला मोकळीक. दोष या दोनपैकी एकात असतो.

पॅड किंचित घासल्याचा आवाज येणं साधारण आहे. पण चाक हाताने सहज फिरलं पाहिजे.

तपास या क्रमाने करा

1. विमान सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा आणि संशयित चाक जॅकवर उचला. डिस्क गरम असेल तर निवू द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते किंवा तडकते.

2. चाक जड फिरत असेल तर कुणाला तरी कॉकपिटमध्ये बसवून पेडल हाताने पूर्ण मागे ओढायला सांगा. चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर पूर्ण परतत नाही. पेडलची जोडदांडी चुकीच्या लांबीची असेल, परतीची स्प्रिंग कमजोर असेल किंवा पेडल कुठे तरी अडत असेल. घरच्या जोडणीत ही चूक सहज राहते.

3. तरीही जड असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडर जरासा उघडा. डोळ्यांवर चष्मा, खाली भांडं, जवळ अग्निशामक हवा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकलाय. आता मागे मागे जा : होज पाइप, पार्किंग ब्रेकचा व्हॉल्व्ह, मास्टर सिलिंडर. एकेक जोड सैल करा. जिथे सैल केल्यावर चाक सुटत नाही आणि त्याच्या आधीच्या जोडाला सुटत होतं, त्या दोघांमध्ये दोष. ताळेबंद जुळत नसला की मुनीम वहीचा एकेक भाग वेगळा तपासतो, तसंच हे.

4. ब्लीडर उघडूनही चाक जड असेल तर तेलाला दोष देऊ नका. अडकण चाकापाशीच आहे. कॅलिपरच्या पिना गंजलेल्या, वाकलेल्या किंवा धुळीने भरलेल्या असतील. डिस्क वाकडी असेल. पिस्टनचं रबर फुगलं असेल. चाकाचा नट जास्त आवळलेला किंवा चाकावरचं आवरण टायरला घासणारं असलं तरी लक्षण हेच दिसतं.

थंड असताना ठीक, गरम झाल्यावर जाम

हा प्रकार सर्वांत फसवा. हँगरमध्ये चाक मोकळं फिरतं, म्हणून 'काही नाही' असा शेरा पडतो. टॅक्सी करून धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत ब्रेक तापतो, तेल फुगतं आणि परतीची वाट बंद असेल तर दाब वाढत जातो. चाक निवताच पुन्हा मोकळं झालं, तर ही अडकलेल्या तेलाचीच खूण समजा. टाकी काठोकाठ भरली नाही ना, तिच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं नाही ना, ते पाहा.

टॅक्सीनंतर दोन्ही डिस्कचं तापमान लांबूनच मोजावं. कोरोनाच्या काळात दारोदारी दिसलेल्या तापमान-बंदुकीसारखं, पण जास्त तापमान मोजणारं यंत्र बाजारात मिळतं. दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर जास्त तापलेल्या बाजूला आधी हात घाला. सवयही तपासा. टॅक्सी करताना पंजे पेडलवर टेकून राहत असतील तर ब्रेक निर्दोष असूनही तापणारच.

दुरुस्तीत दोन पथ्यं

तेल निर्मात्याने सांगितलंय तेच घाला. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये मोटारीचं डॉट-3 किंवा डॉट-4 घातलं की रबराच्या सीलची वाट लागते आणि ब्रेक पुन्हा धरतो. पॅडला तेल लागलं असेल तर पुसून चालवू नका, बदला.

जोड उघडल्यावर हवा काढणं, गळती पाहणं आणि सावकाश टॅक्सी चाचणी घेणं आलंच. परवानाधारक अभियंत्याची तपासणी आणि लॉगबुकातली नोंद झाल्याशिवाय उड्डाण नको. चाचणीत चाक तापून पुन्हा धरलं तर दोष सापडलेला नाही. त्या दिवशी विमान हँगरमध्येच राहू द्यावं.