सुटका झाली, मग बंदी का?

बीडमध्ये क्रिकेटचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘सगळं फिक्स असतं हो!’ तुम्ही पेटची तयारी करत असाल, तर या वाक्यापाशी जरा थांबा. हे मत झालं, संशोधनाचा प्रश्न नाही.

मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाणचं प्रकरण पाहा. मे २०१३ मध्ये आयपीएलच्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात दिल्ली पोलिसांनी त्याला अटक केली. आरोप असा होता की, षटकात ठरवून धावा द्यायच्या. सप्टेंबरमध्ये बीसीसीआयने आजीवन बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. बंदी मात्र राहिली. २०२१ मध्ये ती सात वर्षांवर आली.

विरोधाभास वाटतो ना? पण दोघांपुढचे प्रश्नच वेगळे होते. न्यायालयाने पाहिलं ते असं: मकोका (मूळ महाराष्ट्राचा, पण दिल्लीतही लागू) आणि इतर कलमांखाली खटला चालवण्याइतका पुरावा आहे का? बोर्डाने पाहिलं, खेळाडूने आमची भ्रष्टाचारविरोधी संहिता मोडली का? त्यात मॅच फिक्सिंगसाठी वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही.

म्हणून ‘फिक्सिंग झालं का?’ असा प्रश्न घेऊ नका. ‘कोणत्या संस्थेने, कोणत्या नियमाखाली, कोणता पुरावा मान्य केला?’ असा घ्या. वरिष्ठ न्यायालयांची निकालपत्रं ऑनलाइन मिळतात, बीडमध्ये बसूनही वाचता येतात. आणि लिहिताना ‘आरोपी’ व ‘दोषी’ यांची गल्लत करू नका. त्या एका शब्दाने माणसाची बदनामी होते.