क्षेत्र, पुंज आणि कण

सातबाऱ्यावर 'क्षेत्र' या शब्दाखाली जमिनीचे माप असते. उमरोळीच्या शेतकऱ्याला क्षेत्र म्हटले की बांध आठवणार. पण पदार्थविज्ञानातल्या क्षेत्राला बांध नाही. गावात कुठेही उभे राहा, तिथे हवेचे काही ना काही तापमान असतेच. तसे, अवकाशात जागोजागी ज्याला काही मूल्य असते ते क्षेत्र. चुंबकाभोवती लोहकीस कसा मांडून बसतो हे शिक्षकांना मी सांगायला नको.

अशा क्षेत्रात हेलकावा उठला, तर त्याची ऊर्जा हवी तेवढी घेता येत नाही. दुकानात अंडी अख्खी मिळतात, पाव अंडे कोणी देत नाही, तसंच हे. त्या एका अख्ख्या हिश्शाला पुंज म्हणतात. (मराठीत पुंज म्हणजे रास, हा अर्थ इथे विसरावा हे बरे!) विद्युतचुंबकीय क्षेत्राचा पुंज म्हणजे फोटॉन, इलेक्ट्रॉनक्षेत्राचा पुंज म्हणजे इलेक्ट्रॉन. आपण 'कण' म्हणतो तो हाच. साऱ्या विश्वाला इलेक्ट्रॉनक्षेत्र एकच. म्हणून उमरोळीच्या आणि मुंबईच्या इलेक्ट्रॉनमध्ये तसूभरही फरक नसतो.

हा खटाटोप कशासाठी? उमरोळीच्या पुढचे स्थानक बोईसर, आणि त्याच्या पलीकडे तारापूर. तिथले अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले. अणुभट्टीत युरेनियमचे अणुकेंद्र फुटते. त्याच्या तुकड्यांत न्यूट्रॉन गरजेपेक्षा जास्त असतात. मग एखाद्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, आणि एक इलेक्ट्रॉन व एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, हा इलेक्ट्रॉन आधी कुठे होता?" फळ्यावर आपण गोट्या काढतो, त्यामुळे तो न्यूट्रॉनच्या पोटात असावा असे मुलांना वाटते. तसे नाही. टाळी काही हातांत साठवलेली नसते, वाजवली की होते. इलेक्ट्रॉनही त्याच क्षणी निर्माण होतो. ही मांडणी फर्मी यांनी 1934 साली केली.

निर्माण होतो तसा तो नाहीसाही होतो. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण; दोघे त्याच एका क्षेत्राचे. ते आपटले तर काय होईल, याचे गणित होमी भाभांनी केंब्रिजला असताना केले आणि ते 1936 साली प्रसिद्ध झाले. दोघे नुसते एकमेकांना वळवतील एवढेच धरून चालणार नव्हते. दोघेही नाहीसे होऊन नवी जोडी जन्मते, हा मार्गही हिशेबात घ्यावा लागला. मधल्या दुव्याला 'आभासी फोटॉन' म्हणतात. तो कुठल्याही यंत्रात थेट सापडत नाही, गणितातच भेटतो. म्हणून त्याचे चित्र फार मनावर घेऊ नये. या टकरीला आज जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात, आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर सोडणाऱ्या यंत्रांत टकरी किती होतात हे मोजायला तिचाच उपयोग करतात.