टपाल-सर्व्हरची देवडी : प्रवेशप्रक्रिया आणि जोडण्यांची मर्यादा

मराठीत नकार दर्शविणारी ‘नाही’ आणि ‘नव्हे’ ही दोन रूपे आहेत आणि त्यांची कामे भिन्न आहेत. ‘जागा नाही’ हा अभाव सांगणारा नकार. ‘तू तो नव्हेस’ हा ओळख नाकारणारा. पहिला ऐकणारा मनुष्य थोडा थांबतो. दुसरा ऐकणारा आपली कागदपत्रे तपासू लागतो. संगणकीय टपालाच्या सर्व्हरवर हे दोन नकार एकमेकांत मिसळले म्हणजे काय घडते, हे एका प्रसंगावरून प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आले. त्या निमित्ताने सर्व्हरवरील प्रवेशाची रचना येथे स्पष्ट करण्याचे योजिले आहे.

आमच्या परिचयाच्या एका विभागात सर्वांची मिळून एकच टपालपेटी आहे. दिवाळीच्या सुटीत कामावर असलेल्या एका सहकाऱ्यास ती उघडेना. पडद्यावर ‘परवलीचा शब्द पुन्हा द्या’ एवढेच येई. त्यांनी तो शब्द बदलला, तरी तेच. पेटी कोणी बळकावली असावी असे समजून, जाणता मनुष्य सुटीवरून परतेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. चौथ्या दिवशी सायंकाळी, कळंब्यास घरी, लेखकाने तोच नवा शब्द आपल्या भ्रमणध्वनीवर घातला आणि पेटी तत्काळ उघडली. आत मौखिक परीक्षेची तारीख पुढे गेल्याचे पत्र होते. जिची परीक्षा होती ती विद्यार्थिनी त्याच दिवशी गारगोटीहून पहाटेच्या एस.टी.ने येऊन परत गेली होती.

हा सर्व्हर डव्हकॉट नावाचा. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी तो २००२ साली प्रथम प्रसिद्ध केला. त्याची रचना जुन्या वाड्याशी ताडून पाहता येते. देवडीवर ‘लॉगिन प्रोसेस’ बसते. आलेल्याशी बोलणे एवढेच तिचे काम. कोणाचीही पेटी उघडण्याचा अधिकार तिला नसतो. परवलीचा शब्द खरा की खोटा हे ठरविणारी प्रक्रिया निराळी आणि पेटी उघडून देणारी त्याहून निराळी. अनोळखी माणसाशी ज्यास बोलावयाचे त्याच्या हाती किल्ल्या असू नयेत, हे यामागील तत्त्व आहे. देवडीवाला फसला तरी कोठार सुरक्षित राहते.

आता मर्यादांकडे वळू. (येथील नावे व अंक २.३ या आवृत्तीचे आहेत.) ‘सर्व्हिस काउंट’ हा अंक १ असेल तर प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र देवडीवाला मिळतो. जोडणी कूटबद्ध असल्यास, आणि आज ती बहुधा असतेच, हा देवडीवाला पाहुणा आत असेपर्यंत मोकळा होत नाही. मूळ ठेवणीत ‘प्रोसेस लिमिट’ १०० आहे. म्हणजे एका वेळी शंभरच जोडण्या. पुढच्या जोडण्या सोडून दिल्याची नोंद सर्व्हरच्या रोजनाम्यात होते. पाहुण्यास मात्र एक शब्दही ऐकू येत नाही. तो अंक ० केला तर एकच देवडीवाला अनेकांना सांभाळतो. वेग वाढतो, परंतु एक फसला तर त्याच्या हाताखालून जाणाऱ्या सर्वांना धोका पोहोचतो. लहान विद्यालयाने १ हाच अंक ठेवून ‘प्रोसेस लिमिट’ वाढवावी, असे आमचे मत आहे. मात्र एका अंकास हात लावला की दुसऱ्याकडे पाहावे लागते. परवलीचा शब्द तपासणाऱ्या प्रक्रियेची मर्यादा अपुरी पडणार असेल तर डव्हकॉट सुरू होतानाच तशी सूचना देतो. ती सूचना वाचण्यासाठी असते!

वरील प्रसंगातील मर्यादा तिसरीच होती. ‘मेल मॅक्स यूजर आयपी कनेक्शन्स’ या नावाचा अंक मुळात १० असतो. एकाच नावाने, एकाच पत्त्यावरून, एका वेळी दहाच जोडण्या, असा त्याचा अर्थ. विभागातील सगळी यंत्रे एका राउटरमागे असल्याने बाहेरून त्यांचा पत्ता एकच दिसतो. थंडरबर्ड हा टपालवाचक एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या उघडून ठेवतो. नवे पत्र येताच कळावे म्हणून जोडणी उघडी ठेवून वाट पाहण्याची सोय आयमॅपमध्ये १९९७ सालीच झाली आहे. त्यामुळे समोर कोणी नसले तरी या जोडण्या सुटत नाहीत. सुटीपूर्वी चालू राहिलेल्या दोन यंत्रांनी दहाही जागा अडविल्या होत्या. सहकाऱ्याची जोडणी अकरावी ठरली. कळंब्याचा पत्ता निराळा, म्हणून तेथे अडचण आली नाही.

यातील मर्माची गोष्ट अशी की, ही मोजणी परवलीचा शब्द बरोबर ठरल्यानंतर होते. म्हणजे हा नकार ओळख पटलेल्यालाच मिळतो. सर्व्हरने ‘जागा नाही’ असे सांगितले होते, रोजनाम्यात कारणही अंकासह लिहिले होते. टपालवाचकाने त्याचे भाषांतर ‘तू तो नव्हेस’ असे केले. वस्तुतः २००९ साली आयमॅपच्या उत्तरांसाठी संकेतांची एक पुरवणी प्रसिद्ध झाली. तीत ओळख न पटणे, सेवा तूर्त बंद असणे आणि मर्यादा ओलांडली जाणे यांस तीन वेगळे शब्द दिले आहेत. शब्द उपलब्ध आहेत. ऐकणारा त्यांतील भेद पाळत नाही.

मर्यादा समूळ काढावी काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तसे करू नये. एखादा बिघडलेला टपालवाचक शेकडो जोडण्या उघडू शकतो आणि आतील आयमॅप-प्रक्रियांनाही १०२४ ची सीमा आहेच. एकाच्या बिघाडाने सगळ्यांची दारे बंद होतील. त्या विभागात हा अंक ३० केला आहे आणि थंडरबर्डच्या जोडण्या पाचावरून दोनवर आणल्या आहेत. रोजनामा दर सोमवारी वाचला जातो. टपालवाचक मात्र अजूनही परवलीचा शब्दच पुन्हा मागतो. म्हणून त्या यंत्रावर एक चिठ्ठी डकवली आहे: ‘शब्द बदलण्यापूर्वी शेजारची यंत्रे बंद करून पाहावी.’