फिजिओथेरपिस्ट कोणाला म्हणायचे?

राजुरीत पहाटे धारा काढणाऱ्या हातांना आणि दिवसभर खुरपणाऱ्या कमरांना दुखणे नवे नाही. खांदा जखडला की माणूस आळेफाटा गाठतो, 'फिजिओथेरपी' अशी पाटी दिसली की आत शिरतो. उपचार करणारा कोण, हे विचारायचे मात्र राहून जाते.

गैरसमज : मालिश जमते, मशीनने शेक देता येतो, मग झाला फिजिओथेरपिस्ट.

वस्तुस्थिती : त्यासाठी पदवी लागते. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा व्यावसायिकांसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरवले. एवढे शिकायचे कशाला? कंबरदुखीत पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा सुटला, तर ते चोळण्याचे दुखणे नव्हे. तातडीने रुग्णालय गाठावे लागते. शिकलेला माणूस हे ओळखतो आणि हात लावण्याआधी थांबतो.

गैरसमज : पदवी भिंतीवर टांगली की पुरे.

वस्तुस्थिती : राज्याच्या २००२ च्या कायद्यानुसार इथे व्यवसाय करायला व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. १९५५ मध्ये स्थापन झालेली 'इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स' ही व्यावसायिकांची संघटना आहे. तिचे सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे.

गैरसमज : नावात काय, कोणीही लावावे.

वस्तुस्थिती : २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. नोंदणी नसताना ती असल्याचे भासवणे आणि हे पदनाम लावणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

गैरसमज : नावाआधी 'डॉ.' दिसले म्हणजे एमबीबीएस.

वस्तुस्थिती : तसे गृहीत धरू नका. फिजिओथेरपिस्टनी 'डॉ.' लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. म्हणून उपाधीवर न थांबता पुढची पदवी वाचा. फिजिओथेरपिस्ट हा स्वतंत्र शिक्षण घेतलेला तज्ज्ञ आहे. त्याचा मान त्याच्या स्वतःच्या पदवीत आहे.

पक्षाघातानंतर उभे राहायला शिकणारी आजी असो की हाड जुळल्यावर गुडघा वाकवू पाहणारा पोरगा, चुकीच्या हाताची किंमत त्यांनाच मोजावी लागते. गाय विकत घेताना आपण चार प्रश्न विचारतो, दात बघतो. मग आपला खांदा कोणाच्या हाती देतोय, हे विचारायला संकोच कसला? "आपला नोंदणी क्रमांक काय?" एवढे विचारा. खरा फिजिओथेरपिस्ट तो आनंदाने दाखवील.