जुन्या वस्तऱ्याचें मोल

धोपटी काखेंत मारून दारोदार फिरणारा न्हावी आतां शहरांत दिसत नाहीं. आणि ज्या वस्तऱ्याला तो निसण्यावर व चामड्याच्या पट्ट्यावर धार देत असे, तो वस्तराहि केशकर्तनालयांतून जवळजवळ नाहींसा होऊन त्याच्या जागीं पातें बदलतां येणारें हत्यार आलें आहे. पाश्चात्य देशांत हा बदल पुष्कळ आधीं सुरू झाला. अमेरिकेंत किंग कॅम्प जिलेट यानें १९०३ सालीं आपलें सुरक्षित क्षौरयंत्र विक्रीस आणलें, आणि त्यानंतर घरोघरचे वस्तरे हळूहळू कपाटांत जाऊन पडले. पण ते नष्ट झाले नाहींत. आजोबांच्या मागें राहिलेलें सामान नातवंडें विकावयास काढतात, तेव्हां इंग्लंडांतील शेफील्डचा किंवा जर्मनींतील झोलिंगनचा एखादा वस्तरा त्यांत निघतो, आणि तो इंटरनेटवरील लिलावांत मांडला जातो. घेणारे हौशी लोक तो केवळ शोभेसाठीं घेतात असें नाहीं. कित्येक त्यानें रोज दाढी करतात. नीट जपलेल्या पोलादाला शंभर वर्षांचें वय जड जात नाहीं.

अडचण ही कीं, अशा वस्तूला छापील किंमत नसते. एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे दोन वस्तरे. एकाला चाळीस डॉलर मागितले जातात, दुसऱ्याला दोनशें. नवखा मनुष्य समजतो कीं, दोनशेंचा अधिक चांगला असला पाहिजे. वास्तविक तो आकडा म्हणजे विक्रेत्याच्या मनांतील आशा होय. वस्तरा कदाचित् वर्षभर तसाच पडून असेल. मागितलेली किंमत आणि हातीं पडलेली किंमत यांतील भेद ओळखणें, हें पहिलें काम. ईबेसारख्या लिलावगृहांत पार पडलेल्या विक्रींची यादी निराळी पाहतां येते. तींतून त्याच नांवाचे, त्याच रुंदीचे व शक्य तों त्याच अवस्थेचे सहासात वस्तरे निवडून घ्यावे. समजा, टपालखर्च धरून ते तीस, पस्तीस, अडतीस, चाळीस, पंचेचाळीस आणि एकशेंदहा डॉलरांस गेले. येथें सरासरी काढली तर ती जवळजवळ पन्नास येते, आणि ती फसवी आहे. कारण एकशेंदहाच्या मागें दोन हट्टी ग्राहकांची चुरस असेल, नाहींतर मूळची पेटी असेल. मधला आकडा, म्हणजे एकोणचाळीसच्या आसपासचा, हाच खरा बाजारभाव. भारतांत मागवणाऱ्यानें त्यांत सीमाशुल्कहि मिळवून पाहावें.

नांवाला मोल आहेच. वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स, जॉर्ज वॉस्टनहोम हे शेफील्डचे ठसे लिलावांत वजन राखून आहेत. रुंदी इंचाच्या अष्टमांशांत मोजतात. पांच अष्टमांश हें नेहमींचें माप, आणि सात-आठ अष्टमांशांचे रुंद जुने वस्तरे कमी मिळत असल्यामुळें महाग. वयाबद्दल मात्र विक्रेत्याच्या शब्दापेक्षां ठशावर विश्वास ठेवावा. परदेशी मालावर मूळ देशाचें नांव असलेंच पाहिजे, असें अमेरिकेच्या १८९० सालच्या जकात कायद्यानें ठरवलें व १८९१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. तेव्हां पात्याच्या बुडाशीं 'जर्मनी' अशीं अक्षरें कोरलेला वस्तरा जर कोणी १८५० सालचा म्हणून विकूं लागला, तर त्याचें बोलणें संशयानेंच ऐकावें. उलट बाजू तितकी सोपी नाहीं: देशाचें नांव नाहीं म्हणून वस्तरा जुनाच, असें ठरत नाहीं, कारण सर्वच माल कांहीं अमेरिकेसाठीं घडवला जात नसे.

खरें मोल ठरतें तें पात्याच्या अवस्थेवरून, आणि येथेंच छायाचित्र वाचतां आलें पाहिजे. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवतात तेव्हां त्याची पाठ आणि धार हीं दोन्हीं दगडाला टेकतात. धारेचा कोन पाठीच्या जाडीनें ठरतो. म्हणून पाठीवर रुंद सपाट पट्टा झिजलेला दिसला, किंवा तो एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असला, तर त्या वस्तऱ्याचा पूर्वायुष्यांत छळ झाला आहे असें समजावें. धारेची रेषा मधोमध आंत वळली असेल, तर ती सरळ करण्यांत पुष्कळ पोलाद खर्ची पडतें. पाठीवरचा गंज निरुपद्रवी; धारेजवळचे काळे खड्डे मात्र घातक, कारण वरून घासून ते गेलेसे वाटले तरी निसतांना पुन्हां उघडे पडतात. आणि धारेपासून वर गेलेली चीर, मग ती केसाएवढी कां असेना, वस्तरा निकामी करते. तो फुकट मिळाला तरी दाढीच्या कामाचा नाहीं. आरशासारखें चकाकणारें पातें पाहूनहि भुलूं नये. यंत्राच्या चाकावर घासून आणलेल्या त्या चकाकीखालीं ठसा पुसट झालेला असतो, आणि घासतांना पातें फार तापलें असल्यास पोलादाचें पाणी उतरलेलें असतें. मुठींतहि एक गोम आहे: जुनें सेल्युलॉइड कुजूं लागलें कीं त्यांतून निघणाऱ्या वायूनें मिटून ठेवलेलें पातें गंजतें. हस्तिदंती मुठीचा तर मोह सोडावाच; ईबेनें २००९ पासून हस्तिदंताची विक्री बंद केली आहे, आणि भारतांत त्याचा व्यापार कायद्यानें मना आहे.

असे दोष वजा करून जो आकडा उरतो, तो कागदावर लिहून ठेवावा. कारण लिलावाच्या शेवटच्या मिनिटांत शहाणींसुरतीं माणसेंहि भान विसरतात. ईबेवर ग्राहक आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो आणि यंत्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडीशीच वर बोली लावतें. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञानें १९६१ सालीं ज्या लिलावपद्धतीचें विवेचन केलें, तिचीच ही जवळची बहीण. त्यामुळें खरी कमाल रक्कम एकदांच सांगण्यांत तोटा नाहीं. तरी बोली शेवटच्या क्षणींच कां पडतात? ॲल्विन रॉथ व आक्सेल ओकेनफेल्स यांनीं २००२ सालीं दाखवलें कीं, ज्या लिलावांची वेळ ठराविक क्षणीं संपते त्यांतच ही घाई फार दिसते. बोली पडतांच मुदत वाढणाऱ्या लिलावांत ती पुष्कळ कमी असते. आधीं बोली लावून इतरांना चेतवूं नये, हा त्यांतील एक हेतु. दुसरा धोका तेलाच्या खाणींच्या लिलावांवरून १९७१ सालीं तीन अमेरिकन अभियंत्यांनीं ओळखला: वस्तूचें मोल कोणालाच नक्की ठाऊक नसतां जो सर्वांत अधिक बोलतो, तो बहुधा सर्वांत अधिक चुकलेला असतो. धूसर छायाचित्रांतला वस्तरा ही अशीच वस्तु आहे.

माल घरीं आला कीं, मूठ पूर्ण उघडून पात्याच्या पाठीवर नखानें हलकेंच टिचकी मारून पाहावी. अखंड पातें स्वच्छ वाजतें, चिरलेलें बद्द. बद्द वाजलें तर धार भिंगाखालीं तपासावी, छायाचित्र काढावें, आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आंत विक्रेत्याला कळवावें.