ब्रॉक लेस्नरला हरवणारा पैलवान अमेरिकन फुटबॉलचा लाइनमन कसा झाला?

लाइनमन म्हटलं की आपल्याला महावितरणचा खांबावर चढणारा माणूस आठवतो. अमेरिकेत मात्र सव्वाशे-दीडशे किलोचा धिप्पाड गडी डोळ्यासमोर येतो. अमेरिकन फुटबॉलमधला हा लाइनमन मुळशी तालुक्यातल्या माणसाला सगळ्यात लवकर कळेल, कारण त्याचं काम निम्मं तालमीतलं आहे. आणि मुळशीत कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरमध्ये महेंद्र गायकवाडला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेणारा पृथ्वीराज मोहोळ मुळशीचाच.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो. त्याला आडवं पाडायला समोरून राक्षसासारखे गडी धावून येतात. त्यांना अडवायला क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची भिंत असते. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. हे पाचही लाइनमन. खेळ सुरू करताना चेंडू मागे देणारा सेंटर सोडला तर यांच्या हातात चेंडू जवळपास कधीच येत नाही, नावावर गुण लागत नाहीत. भिंत टिकली तर कौतुक क्वार्टरबॅकचं, फुटली तर शिव्या यांना.

या भिंतीत एक असा माणूस शिरला, जो कॉलेजमध्ये एकदाही फुटबॉल खेळला नव्हता. स्टीफन नील, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. कॉलेजात तो फक्त कुस्ती खेळला. 1999 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या हेवीवेट फायनलमध्ये त्याने ज्याला 3-2 ने हरवलं तो ब्रॉक लेस्नर. होय, डब्ल्यूडब्ल्यूईवाला तोच. त्याच वर्षी तुर्कस्तानात अंकारा इथे नील फ्रीस्टाइलच्या 130 किलो गटात जगज्जेता झाला.

पुढच्या वर्षी सिडनी ऑलिंपिक होतं. पण अमेरिकेच्या निवड चाचणीत केरी मॅकॉयने नीलला हरवलं. जगज्जेता घरी बसला. आपल्या पैलवानांना हे दुखणं नवीन नाही. चार वर्षं थांबा, खुराक सांभाळा, आणि पुन्हा एका कुस्तीवर सगळं लावा.

नीलने वाट बदलली. 2001 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला करारावर घेतलं, पण हंगामाआधीच काढूनही टाकलं. मग फिलाडेल्फिया ईगल्सच्या सराव संघात काही काळ गेला आणि वर्षाअखेरीस पेट्रियट्सने परत बोलावलं.

पैलवानाला इथे काय उपयोगी पडतं? खाली बसून उभं राहण्याची सवय, कमरेचा जोर, तोल, आणि खडाखडीत समोरच्याचे हात बाजूला सारून आपले हात आत घालणं. जो खाली राहतो आणि ज्याचे हात आत, तो जिंकतो. हे कुठल्याही वस्तादाच्या तोंडी शोभेल.

पण अडचणही तिथेच आहे. एकेरी पट, दुहेरी पट इथे चालत नाही. समोरच्याला धरून जखडलं की दहा यार्डांचा दंड. शिवाय पैलवान आखाड्यात एकटा असतो. इथे बाजूच्या चौघांशी पाऊल जुळलं नाही तर मधून वाट मिळते आणि क्वार्टरबॅक जमिनीवर. वीस वर्षं अंगात मुरलेलं अर्धं वापरायचं आणि अर्धं विसरायचं, हे नवं शिकण्यापेक्षा अवघड. खुद्द लेस्नरने 2004 मध्ये मिनेसोटा वायकिंग्जमध्ये, समोरच्या म्हणजे बचावाच्या फळीत, प्रयत्न करून पाहिला. हंगाम सुरू होण्याआधीच त्याला वगळलं.

नीललाही वेळ लागलाच. 2002 मध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात खांदा गेला. 2003 चा हंगाम दुखापतीतच संपला. त्याच्या नावावर सुपर बोलच्या तीन अंगठ्या आहेत, पण 2002 आणि 2004 च्या फायनलमध्ये तो मैदानात नव्हता. खरी कमाई फेब्रुवारी 2005 ची. उजवा गार्ड म्हणून टॉम ब्रेडीसमोर तो उभा होता आणि पेट्रियट्सने 24-21 ने हरवलं ते ईगल्सना, म्हणजे ज्यांच्या सराव संघात तो कधीकाळी होता त्यांनाच.

लाइनमनची किंमत मात्र 2008 च्या फायनलने दाखवली. तोवर एकही सामना न हरलेला पेट्रियट्स संघ समोर न्यूयॉर्क जायंट्स. नील गुडघा दुखावून बाहेर गेला, ब्रेडीला त्या दिवशी पाच वेळा चेंडूसकट पाडलं गेलं आणि सामना 17-14 ने गेला. दोष एकट्या दुखापतीचा नव्हता, जायंट्सचे गडीच भारी पडले. तरी भिंतीतली एक वीट निघाली की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

2010 च्या हंगामात पुन्हा खांद्यानेच दगा दिला. 2011 मध्ये वयाच्या 34 व्या वर्षी नील निवृत्त झाला, तेव्हा 80 हून अधिक सामन्यांत तो सुरुवातीपासून त्या भिंतीत उभा राहिला होता.